यकृतकांची रेतुके घडताना पाहायची असतील तर: रोप निवडण्यापासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र वाचण्यापर्यंतची कृती

रेतुकाशय म्हणजे यकृतकांचा (लिव्हरवर्ट या लहान, बिनफुलांच्या वनस्पतींचा) नर अवयव; त्यात रेतुके, म्हणजे पोहणाऱ्या नर पेशी, घडतात. त्याचे सेक्शन (अतिपातळ काप) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घातल्यावर दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, पेशीभित्तीच्या चौकटी छान दिसतात, पण आत नुसता आक्रसलेला काळा गोळा. दुसरी, केंद्रक दिसतं, कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे तंतू) दिसतात, पण बहुस्तर रचना (रेतुकाच्या पुढच्या टोकाची थरांची रचना) काही केल्या सापडत नाही. मग दोष जातो सूक्ष्मदर्शकाला, नाहीतर स्टेनला (रंजकाला). प्रत्यक्षात पहिलं नुकसान बहुतेक वेळा फिक्सेशनच्या (ऊती रसायनाने आहे तशी टिकवण्याच्या) पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच होऊन गेलेलं असतं, आणि दुसरं ब्लॉक (नमुना बसवलेला रेझिनचा, म्हणजे कडक होणाऱ्या प्लॅस्टिकचा, ठोकळा) ट्रिम करताना, म्हणजे छाटताना, चुकीच्या वयाचा रेतुकाशय निवडल्यामुळे.

या कामात रेतुकाशयाचं वय आणि सेक्शनची दिशा या दोहोंचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावा लागतो. मध्येच एक जरी हरवलं, तरी चित्र देखणं येईल, पण त्यावरून काही ठामपणे सांगता येणार नाही. खालची कृती मार्कँशिया पॉलिमॉर्फा ही यकृतका धरून लिहिली आहे. सह्याद्रीतली रिक्सिया, प्लॅजिओकॅस्मा किंवा फॉसोम्ब्रोनिया घेणाऱ्यांनी काय बदलायचं, ते त्या त्या जागी दिलं आहे.

## टप्पा १: रोप निवडा आणि वय ठरवा

प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप मिळत असेल तर तेच घ्या. मार्कँशियाचा टाक-१ हा नर वाण अर्ध्या तीव्रतेच्या गॅम्बोर्ग बी-५ माध्यमावर, २२ अंश सेल्सियसला, सतत पांढऱ्या प्रकाशात सहज वाढतो. नुसत्या पांढऱ्या प्रकाशात मात्र त्याला नर छत्र्या (रेतुकाशय धरणारे छत्रीसारखे अवयव) येत नाहीत. त्यासाठी जोडीला फार-रेड (लालाच्या पलीकडचा) प्रकाश द्यावा लागतो आणि मग काही आठवडे थांबावं लागतं.

नर छत्रीच्या चकतीची रचना डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. रेतुकाशय चकतीच्या वरच्या पृष्ठभागाखाली वेगवेगळ्या कोठड्यांमध्ये बसलेले असतात. वाढबिंदू प्रत्येक पाळीच्या टोकाला असतो, म्हणून सर्वांत कोवळे रेतुकाशय कडेला आणि सर्वांत जुने मध्याकडे. मध्यापासून कडेपर्यंत एक उभा काप घेतला की त्या एकाच कापात अवस्थांची रांग हाती येते.

ही रांग महत्त्वाची आहे, कारण एका रेतुकाशयातल्या पेशी जवळपास एकाच वेळी पुढे सरकतात. एकाच रेतुकाशयात विभाजनापासून पिकलेल्या रेतुकापर्यंत सगळं मिळेल ही आशा सोडून द्या. एक रेतुकाशय म्हणजे एक अवस्था, फार तर शेजारच्या दोन. पाच अवस्था दाखवायच्या असतील तर निदान पाच रेतुकाशय कापावे लागतील.

रानातून नमुना आणणाऱ्यांसाठी: प्लॅजिओकॅस्मात नर भाग थॅलसवर (यकृतकेच्या सपाट, पानासारख्या शरीरावर) बिनदेठाच्या, घोड्याच्या नालेसारख्या उशीत असतो. रिक्सियात रेतुकाशय थॅलसच्या मधल्या खाचेत खोल रुतलेले असतात, आणि पुष्कळ जातींत शेजारीच मादी अवयवही असतात. सेमी-थिन (साध्या सूक्ष्मदर्शकासाठीचे जरा जाड सेक्शन) बघितल्याशिवाय हातात काय आहे ते कळत नाही. माझी पसंती फॉसोम्ब्रोनियाला. तिचे रेतुकाशय खोडाच्या वरच्या बाजूला उघडेच असतात आणि पिकताना पिवळे-नारिंगी होतात, त्यामुळे वय भिंगाखाली रंगावरूनही ओळखता येतं आणि फिक्सेटिव्हला वाटेत आडकाठी कमी. संरक्षित क्षेत्रातून नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

सावधान: चकतीवर पाणी पडू देऊ नका. पिकलेल्या रेतुकाशयाला पाणी लागलं की तो आतला ऐवज बाहेर टाकतो. निसर्गात रेतुकांचा प्रवास असाच सुरू होतो. स्वच्छ करायच्या नादात चकती नळाखाली धरली, तर शेवटच्या अवस्था तिथेच वाहून जातात. पेटीच्या झाकणावर साचलेले थेंबही चकतीवर ठिबकू देऊ नका.

मग माती कशी काढायची? धुवायची नाही, कापून टाकायची. रानातल्या थॅलसच्या खालच्या बाजूला मुलाभांमध्ये (मुळासारख्या तंतूंमध्ये) वाळूचे बारीक कण अडकलेले असतात. असा एक कण ब्लॉकमध्ये राहिला तरी डायमंड नाइफच्या (अतिपातळ सेक्शन कापणाऱ्या हिऱ्याच्या सुरीच्या) धारेला दात पडतो, आणि त्या नाइफची किंमत मार्गदर्शकांना विचारून बघा. म्हणून खालचा भाग धारदार ब्लेडने छाटूनच पुढे जा.

## टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

फिक्सेटिव्ह त्याच दिवशी ताजं बनवा, पण त्याचे घटक आदल्या दिवशी तपासून ठेवा. १० मिलिलिटरसाठी हे प्रमाण चालतं:

- २५ टक्के ग्लुटारल्डिहाइड: १ मिलिलिटर
- ०.२ मोलर सोडियम कॅकोडिलेट बफर, पीएच ७.२ ते ७.४: २.५ मिलिलिटर
- ऊर्ध्वपातित पाणी: ६.५ मिलिलिटर

यातून ०.०५ मोलर बफरमध्ये २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइड मिळतं. पॅराफॉर्मल्डिहाइडही हवं असेल तर १६ टक्क्यांच्या कुपीतून १.२५ मिलिलिटर घाला आणि पाणी ५.२५ मिलिलिटर करा. पॅराफॉर्मल्डिहाइड ऊतीत लवकर शिरतं, ग्लुटारल्डिहाइड सावकाश शिरतं पण घट्ट बांधतं. रुतलेल्या रेतुकाशयांसाठी दोन्ही घ्यावीत.

ग्लुटारल्डिहाइड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या दर्जाचं, बंद कुपीतलंच वापरा. फ्रिजमध्ये कुणी कधी ठेवली ते कुणालाच ठाऊक नाही अशी पिवळट बाटली प्रत्येक विभागात असते. तिला हात लावू नका.

फॉस्फेट बफर स्वस्त आणि बिनविषारी, म्हणून अनेकांचा हात आधी तिकडे जातो. तो वापरता येतो, पण पुढे युरेनिल ॲसिटेटशी त्याची गाठ पडली की साका तयार होतो. फॉस्फेट घेतलात तर मधली धुणी दुप्पट मनावर घ्या. कॅकोडिलेटमध्ये आर्सेनिक आहे: हातमोजे घाला, त्यात आम्ल ओतू नका, आणि वापरलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत जमा करा.

नव्या ब्लेडची दोन पाती, दंतवैद्याचं मेण किंवा काचेची पट्टी, बारीक चिमटा, झाकणाच्या काचेच्या कुप्या आणि पेन्सिलीने लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या मांडून ठेवा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये जाते, आणि तिच्याबरोबर नमुन्याचं वयही.

## टप्पा ३: कापणं आणि फिक्सेशन

बिघडलेली कामं मागे मागे तपासत गेलात, तर निम्म्याहून अधिक याच टप्प्यावर येऊन थांबतात. म्हणून इथे घाई नको.

१. मेणावर फिक्सेटिव्हचा मोठा थेंब ठेवा. चकती देठासकट कापून थेट त्या थेंबात ठेवा. आधी कोरडी कापून, नोंदवही लिहून, मग थेंब असा क्रम ठेवू नका. हवेत कापलेली ऊती बघता बघता सुकते.

२. थेंबातच चकतीच्या पाळ्या सुट्या करा. मग प्रत्येक पाळीचे मध्यापासून कडेकडे जाणारे उभे काप घ्या. जाडी अर्धा ते एक मिलिमीटर. ब्लेड दाबू नका, ओढा. दाबलं की रेतुकाशयाचं एकपदरी आवरण चेपतं आणि आतल्या पेशी आवरणापासून सुटतात.

३. कापाच्या मध्याकडच्या टोकाला एक तिरका छेद द्या. रेझिनमध्ये गेल्यावर मध्य कुठला आणि कड कुठली हे याच खुणेवरून ओळखायचं आहे.

४. काप ताज्या फिक्सेटिव्हच्या कुपीत हलवा. द्रावण ऊतीच्या निदान वीसपट हवं.

५. काप तरंगत असतील (चकतीत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ते तरंगतातच) तर हलका व्हॅक्यूम द्या. बारीक बुडबुडे सुटू लागले की थांबा, पाच मिनिटं तसंच ठेवा आणि हवा अगदी सावकाश आत सोडा. असं दोन-तीनदा करा. हवा झटक्यात सोडली तर नाजूक पेशी फाटतात.

६. पहिले दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवा, त्यानंतर रात्रभर ४ अंशांवर.

शेवटच्या ओळीवर पुष्कळ जण अडखळतात. 'फिक्सेशन थंडच करायचं' हा नियम प्राण्यांच्या ऊतींच्या कृतींतून उचलला जातो. पण सूक्ष्मनलिका (पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्या) थंडीत विरघळतात, आणि आपल्याला बघायच्या आहेत त्याच सूक्ष्मनलिका: विभाजनाचा तर्कू (स्पिंडल), केंद्रकाच्या अंगाने धावणारी सूक्ष्मनलिकांची पट्टी, कशाभिकेचा गाभा. आधी अल्डिहाइडने त्यांना बांधू द्या, मग थंड करा. सूक्ष्मनलिकांच्या भिंती ठळक हव्या असतील तर फिक्सेटिव्हमध्ये ०.१ ते ०.५ टक्के टॅनिक ॲसिड घालण्याची सोय आहे. मात्र ते खोलवर पोचत नाही, त्यामुळे कापाच्या पृष्ठभागाजवळच्या आणि आतल्या पेशींचा गडदपणा एकसारखा येत नाही.

रानात काम असेल तर फिक्सेटिव्हच्या कुप्या सोबत न्या आणि जागेवरच काप घ्या. आठ तास गाडीत हिंदकळलेल्या, अर्धवट कोमेजलेल्या रोपापेक्षा महाबळेश्वरच्या विश्रामगृहातल्या टेबलावर, खिडकी उघडी ठेवून केलेलं फिक्सेशन कितीतरी चांगलं. दोन तासांनंतर कुप्या बर्फाच्या डब्यात ठेवून परत आणता येतात.

तपासा: दुसऱ्या दिवशी सगळे काप तळाला बसलेले हवेत. तरंगणारा काप टाकून द्या. त्याच्या मध्यापर्यंत फिक्सेटिव्ह पोचलेलं नाही, आणि पुढची कुठलीही पायरी ते भरून काढणार नाही.

ज्यांना हाय-प्रेशर फ्रीझिंगची (प्रचंड दाबाखाली क्षणात गोठवण्याची) सोय आहे, त्यांना पटलांच्या बाबतीत रासायनिक फिक्सेशनपेक्षा सरस निकाल मिळतो. पण या पद्धतीची पोच सुमारे २०० मायक्रोमीटर जाडीपर्यंतच आहे आणि हवेची एखादी पोकळी राहिली तरी नमुना वाया जातो. अख्खी पाळी घालू नका. रेतुकाशय सुटे काढा आणि वाहकातली (नमुना ठेवायच्या छोट्या कपातली) मोकळी जागा १-हेक्झाडेसीनने भरा. पिकलेल्या अवस्थांपेक्षा कोवळ्या अवस्थांना ही पद्धत जास्त मानवते.

## टप्पा ४: धुणं आणि ऑस्मियम

त्याच बफरमध्ये चार वेळा, प्रत्येकी वीस मिनिटं धुवा. अल्डिहाइड ऊतीत राहून गेलं तर ऑस्मियमशी त्याची प्रतिक्रिया होते आणि सगळ्या चित्रावर काळी भुकटी पसरते. ती नंतर कशानेही निघत नाही.

मग बफरमध्ये १ ते २ टक्के ऑस्मियम टेट्रॉक्साइड, दोन तास. काप काळे पडायला हवेत. कडा काळ्या आणि मध्य तपकिरी असेल तर अजून तासभर ठेवा. पुन्हा धुवा, शेवटची दोन धुणी साध्या ऊर्ध्वपातित पाण्याची. इच्छा असेल तर इथेच १ टक्का युरेनिल ॲसिटेटच्या पाण्यातल्या द्रावणात काप अंधारात तासभर ठेवता येतात. बहुस्तर रचनेच्या खालच्या थरांना त्याने उठाव येतो, म्हणून मी ही पायरी सहसा गाळत नाही.

सावधान: ऑस्मियमची वाफ डोळ्याच्या बुबुळालाही 'फिक्स' करते. फ्युम हूडबाहेर कुपी उघडायची नाही. सांडलंच तर ओतायला मक्याचं तेल जवळ ठेवा, तेलाने ते निष्प्रभ होतं. युरेनिल ॲसिटेट विषारी आणि किरणोत्सारी दोन्ही आहे. त्याची नोंद, साठवण आणि विल्हेवाट संस्थेच्या नियमांप्रमाणेच करा.

## टप्पा ५: पाणी काढणं आणि रेझिन

इथॅनॉल ३०, ५०, ७०, ९० आणि ९५ टक्के, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. शेवटी निव्वळ इथॅनॉल तीनदा. एपॉन जातीचं रेझिन असेल तर त्यानंतर प्रॉपिलीन ऑक्साइड दोनदा. स्पर रेझिन इथॅनॉलमध्ये थेट मिसळतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. यकृतका पिकतात पावसाळ्यात आणि रेझिनला नेमका पावसाळाच सोसत नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये एकदा उघडलेली निव्वळ इथॅनॉलची बाटली फार काळ निव्वळ राहत नाही. शेवटच्या पायरीला नवी बाटली फोडा किंवा मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेवलेलं इथॅनॉल घ्या. रेझिनचे घटक फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ आत जमते. ओव्हनमधून काढलेला ब्लॉक रबरासारखा दबत असेल, तर मापातली चूक शोधण्याआधी ओलाव्याचा विचार करा.

रेझिन हळूहळू वाढवा: एकास तीन, निम्मं-निम्मं, तीनास एक, मग निव्वळ रेझिन तीनदा. प्रत्येक पायरी किमान सहा तास, निव्वळ रेझिनच्या पायऱ्या रात्रभर, कुप्या सावकाश फिरत्या ठेवून. थॅलससाठी निम्मा वेळही पुरतो; आपल्याला थॅलस बघायचा नाही. पिकत आलेल्या रेतुकाभोवती पेशीभित्तीच्या आत चिकट द्रव्य असतं, आणि रेझिन तिथेच अडतं. थॅलसच्या पेशी छान पण रेतुकाशयाच्या मध्यभागी भोकं, असा सेक्शन दिसला की ही पायरी आटोपती घेतली गेली होती असं समजा.

## टप्पा ६: साच्यात दिशा बसवणं

कॅप्सूल नको, सपाट साचा घ्या. काप पडला तसा राहू देऊ नका. भिंगाखाली सुईने वळवून, कापाचा सपाट पृष्ठभाग पुढे ज्या तोंडावरून कापणार त्याला समांतर बसवा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतची रांग एकाच सेक्शनमध्ये येईल. तिरका छेद दिलेलं टोक नेहमी एकाच बाजूला, समजा डावीकडे. चिठ्ठी साच्याच्या मागच्या टोकाला घाला आणि ७० अंशांवर रात्रभर ठेवा.

अर्ध्या तासाने ओव्हन उघडून एकदा बघाच. तापल्यावर रेझिन आधी पातळ होतं आणि काप सरकतात. याच वेळी ते सुईने पुन्हा जागेवर आणता येतात, नंतर नाही.

## टप्पा ७: आधी सेमी-थिन, मगच पुढचं

या टप्प्यावर वेळ वाचवणारा पुढे त्याच्या कितीतरी पट वेळ घालवतो.

काचेच्या नाइफने अर्धा ते एक मायक्रोमीटर जाडीचे सेक्शन काढा, काचपट्टीवर तापवून चिकटवा आणि बोरॅक्समधल्या १ टक्का टोल्युइडीन ब्लूने रंगवा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट ऑइल भिंगाने रेतुकाशयागणिक अवस्था लिहून काढा:

- चौकोनी पेशी, मोठं फिकट केंद्रक, पातळ भित्ती: विभाजन अजून सुरू आहे. रेतुकं बनायला वेळ आहे.
- चौकोनात कर्णाने पडलेली रेघ, त्रिकोणी पेशींच्या जोड्या: शेवटचं तिरकं विभाजन नुकतंच झालं. सेंट्रिओल (पुढे कशाभिकांचा तळ बनणारी अंगकं) बघायचे असतील तर हीच आणि हिच्या लगेच आधीची अवस्था. वनस्पतीच्या बाकी शरीरात सेंट्रिओल नसतात; ते याच सुमारास नव्याने तयार होतात.
- गोलसर पेशी, गोल केंद्रक, भित्तीलगत मोकळी कड: कोवळी रेतुके. बहुस्तर रचना इथे शोधा.
- केंद्रक चोचीसारखं ओढलेलं, गडद होत चाललेलं: मधली अवस्था.
- गडद निळे बारीक अर्धचंद्र: केंद्रक आवळून लांब झालं. बहुस्तर रचनेचा खालचा भाग यानंतर विरून जातो, तो इथे शोधत बसू नका.

सुरुवातीची दुसरी तक्रार इथेच सुटते. बहुस्तर रचना न सापडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे चुकीच्या वयाचा रेतुकाशय.

तपासा: या टप्प्यावर सेमी-थिनचं छायाचित्र काढून त्यावर रेतुकाशयांना क्रमांक द्या. ट्रिमिंग करताना ते छायाचित्र शेजारी हवं. आठवणीवर विसंबून ट्रिम केलेल्या ब्लॉकमध्ये हवा तो रेतुकाशय नेमका कापून टाकलेला असतो.

## टप्पा ८: अल्ट्राथिन आणि सलग सेक्शन

एकच रेतुकाशय तोंडावर राहील असा समलंब चौकोन ट्रिम करा. वरची आणि खालची कड एकमेकींना काटेकोर समांतर हवी, नाहीतर रिबन (एकमेकांना चिकटून येणारी सेक्शनची पट्टी) वळते. जाडी ६० ते ८० नॅनोमीटर, म्हणजे पाण्यावर तरंगताना सेक्शन चंदेरी दिसला पाहिजे. सोनेरी झाला की सूक्ष्मनलिका एकमेकींवर पडून धूसर होतात. कापल्यावर क्लोरोफॉर्मची वाफ क्षणभर द्या, दबलेले सेक्शन पसरतात.

एकेका पेशीला हव्या त्या दिशेने बसवायच्या फंदात पडू नका. ते शक्यही नाही आणि त्याची गरजही नाही. रेतुकाशयात शेकडो जोड्या वेगवेगळ्या कोनांत असतात, त्यामुळे एकाच सेक्शनमध्ये आडवे, उभे, तिरके सगळे छेद मिळतात. हवा तो छेद शोधायचा असतो.

पण एक पेशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून घ्यायची असेल तर सलग सेक्शनला पर्याय नाही. साधा हिशेब करा: साडेचार मायक्रोमीटरची पेशी ७० नॅनोमीटरने कापली तर ६४-६५ सेक्शन. स्लॉट ग्रिडची (सेक्शन ठेवायच्या, मधोमध फट असलेल्या बारीक धातूच्या चकतीची) फट २ मिलिमीटर लांब. तोंडाची उंची ०.१ मिलिमीटर ठेवली तर एका ग्रिडवर फार तर वीस सेक्शन, म्हणजे एका पेशीसाठी चार ग्रिड. तोंड ०.३ मिलिमीटर उंच ठेवलंत की हेच दहा-अकरा ग्रिड होतात, आणि त्यातलं एखादं फाटतंच. तोंड लहान ठेवा.

मेश (जाळीच्या) ग्रिडवर सलग सेक्शन उचलू नका. हवी ती पेशी नेमकी तारेआड जाते. स्लॉटवर फॉर्मव्हारचा (पातळ प्लॅस्टिकचा) पडदा हवा, आणि वापरण्याआधी तो भिंगाखाली बघून घ्या.

## टप्पा ९: स्टेनिंग

२ टक्के युरेनिल ॲसिटेट दहा-पंधरा मिनिटं, धुणं, मग रेनॉल्ड्सचं लेड सायट्रेट तीन ते पाच मिनिटं. लेडला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की पांढरा साका बनतो आणि चित्रात तो काळे ठिपके होऊन येतो. पेट्री डिशमध्ये थेंबांभोवती सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवा, झाकण कमीत कमी वेळा उघडा, आणि त्या वेळात थेंबांवर वाकून बोलू नका. पाणी उकळून थंड केलेलं असावं.

## टप्पा १०: बघणं आणि वाचणं

८० ते १०० किलोव्होल्ट पुरतात. आधी कमी मोठेपणावर, पसरलेल्या झोताखाली पडदा स्थिर होऊ द्या, अख्ख्या रेतुकाशयाचा नकाशा काढा, मग वर जा. एकदम चाळीस हजार पटींवर उडी मारली तर पडदा फाटतो आणि आपण कुठल्या पेशीत होतो तेही कळत नाही.

फिक्सेशन जमलंय का, हे आधी ठरवा. केंद्रकाच्या पटलाच्या दोन रेघा समांतर आणि गुळगुळीत हव्यात, तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियांच्या) आतल्या घड्या स्पष्ट हव्यात. पेशीपटल आणि भित्ती यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली म्हणून लगेच 'आक्रसली' असा शेरा मारू नका. कोवळं रेतुक गोलाकार होताना भित्तीपासून आपणहून सुटतं आणि कशाभिका त्याच जागेत वाढतात. फरक असा ओळखा: जागेत बारीक तंतुमय द्रव्य आणि कशाभिकेचे छेद असतील, पेशीपटल गुळगुळीत असेल, तर ती अवस्था आहे. जागा निव्वळ रिकामी, पटल नागमोडी आणि शेजारच्या थॅलसच्या पेशीतही तसंच असेल, तर तो बिघाड आहे.

बहुस्तर रचना पेशीच्या पुढच्या टोकाला, पेशीपटलाच्या लगेच आत आणि पुढच्या तंतुकणिकेच्या वर असते. चार थर असतात. सर्वांत वरचा थर शेजारी शेजारी लावलेल्या सूक्ष्मनलिकांचा. हीच पट्टी पुढे केंद्रकाच्या अंगाने वाढत जाते. खालच्या थरांतल्या पट्ट्या या नलिकांशी सुमारे ४५ अंशांचा कोन करतात. त्यामुळे वरच्या नलिकांची गोल वर्तुळं स्वच्छ दिसणाऱ्या छेदात खालच्या पट्ट्या पुसट दिसणारच. तो स्टेनचा दोष नाही. गोनिओमीटरने (नमुना मोजून कलवणाऱ्या यंत्रणेने) नमुना कलवून दुसरं चित्र घ्या आणि दोन्ही कोन नोंदवा.

वाचताना सर्वांत जास्त फसवतं ते केंद्रक. पिकत आलेलं रेतुक चकलीसारखं गुंडाळलेलं असतं. चकली मधोमध कापली तर एकाच कांडीचे तीन-चार तोंडं दिसतात, तसं एका पेशीत दोन-तीन गडद केंद्रकं दिसतात. 'द्विकेंद्रक पेशी' असं लिहिण्याआधी पुढचे दहा सेक्शन बघा. कशाभिकांचंही तेच. एका छेदात नऊ अधिक दोन रचनेची (कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन) चार वर्तुळं दिसली तरी कशाभिका दोनच असतात, त्या वळसे घेऊन पुन्हा त्याच पातळीत आलेल्या असतात. शिवाय दोघींचे तळ एकाच रेषेत नसून मागे-पुढे असतात. त्यामुळे एक तळ सापडून दुसरा त्या सेक्शनमध्ये नसणं हे अगदी स्वाभाविक आहे.

आणखी काही नेहमीच्या गफलती:

सूक्ष्मनलिका एकाच सेक्शनमध्ये मोजणं. पट्टीतल्या नलिकांची संख्या लांबीभर सारखी नसते. काही मध्येच सुरू होतात, काही मध्येच संपतात. आकडा द्यायचा तर कुठल्या पातळीवरचा ते सांगा: बहुस्तर रचनेवरचा, केंद्रकाच्या सुरुवातीचा की शेपटाकडचा.

मागच्या प्लॅस्टिडला तंतुकणिका समजणं. शेवटच्या अवस्थेत दोन्ही शेजारी शेजारी येतात. स्टार्चचा दाणा दिसला तर तो प्लॅस्टिड.

पेशीरस नाहीसा होणं म्हणजे पेशी मेली असं धरणं. पिकताना रेतुक आपला बहुतेक पेशीरस आणि जास्तीची अंगकं मोडून टाकतं. अर्धवट पचलेल्या पटलांच्या गुंडाळ्या त्या काळात सर्वच पेशींत दिसतात. एखाददुसऱ्याच पेशीत दिसल्या तर मात्र शंका घ्या.

सोयीच्या चित्रावरून क्रम लावणं. 'ही आधीची, ही नंतरची' हे चित्राच्या देखणेपणावरून ठरवायचं नाही. सेमी-थिनवर दिलेला रेतुकाशयाचा क्रमांक आणि मध्यापासूनचं त्याचं अंतर काढा. क्रम त्यावरून लावा आणि मग चित्र त्याला साथ देतं का ते बघा. देत नसेल तर ज्या पाळीचा तो काप आहे तिची चिठ्ठी पुन्हा तपासा.

प्रत्येक चित्राच्या फाइलच्या नावात ब्लॉक, रेतुकाशय, ग्रिड, सेक्शन क्रमांक आणि कलवण्याचा कोन एवढं असलंच पाहिजे. मूळ फाइल टिफमध्येच ठेवा. प्रकाश-गडदपणा बदलायचा तो प्रतीवर, आणि मोजमापं मूळ फाइलवरच घ्या.